धाप लागणारा सुपरमॅन

२०२५ या एकाच वर्षात सुपरमॅन दोन वाटांनी पडद्यावर आला. २८ फेब्रुवारीला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला आणि ११ जुलैला जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’. दुसरा चित्रपट म्हणजे ८७ वर्षांच्या नायकाला नव्या पिढीसमोर नव्याने उभं करण्याचा हॉलिवूडचा ताजा प्रयत्न, ज्याला सिनेमावाले ‘रीबूट’ म्हणतात. पहिल्यात निळ्या आकाशातून झेपावणारा परग्रहवासी नाही. त्यात आहेत यंत्रमागाच्या गावातली काही पोरं, ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी आपल्याच गल्लीतल्या मागावर काम करणाऱ्या एका सडपातळ तरुणाला सुपरमॅनचा झगा चढवला होता. हे दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. जुन्या नायकाला नवा प्रेक्षक मिळतो तो कॅमेरा नवा आला म्हणून नव्हे. त्या नायकाचं दुखणं आणि त्याचा वैरी प्रेक्षकाच्या ओळखीचे झाले की तो पुन्हा जिवंत होतो. हॉलिवूडला अफाट पैसा ओतूनही हे कधी साधलं, कधी हुकलं. मालेगावात ते उसन्या सामानावर साधलं, आणि त्या प्रयोगाकडे धुळे-जळगावच्या माणसांनी आपली गोष्ट म्हणून पाहायला हवं.

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे हे खरं. पण नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी मालेगावचा परिसर खानदेशातच मोडत होता. आजही मालेगाव, सटाणा, कळवण या पट्ट्यातल्या खेड्यांत अहिराणी बोलली जाते, मालेगावावरून वाहत जाणारी गिरणा जळगाव जिल्ह्यात जाऊन तापीला मिळते, आणि मुंबई-आग्रा रस्त्याने धुळं पन्नास किलोमीटरवर आहे. कापसाचा धागाही एकच. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्यातल्या गिरण्या आणि माग, आणि मालेगावचे दिवसरात्र खडखडणारे यंत्रमाग हे सगळं याच काळ्या मातीतल्या पिकावर उभं राहिलं. म्हणून मालेगावचा मागवाला नायक धुळ्याच्या माणसाला परका वाटायचं कारण नाही. त्या गावातल्या विनोदी फिती पुढे ‘खानदेशी’ याच नावाने ओळखल्या गेल्या आणि ‘खानदेश का छोटू दादा’सारख्या यूट्यूबवरच्या मालिकांनी ते नाव देशभरात लाखो मोबाइलवर नेलं.

रीबूट हा शब्द संगणकाचा आहे. यंत्र अडलं की बंद करून पुन्हा सुरू करायचं. सिनेमात त्याचा अर्थ असा की आधीच्या भागांचं कथानक बाजूला ठेवायचं आणि त्याच नायकाची गोष्ट पहिल्यापासून सांगायची. ख्रिस्तोफर रीव्ह यांचा सुपरमॅन १९७८ मध्ये आला आणि १९८७ पर्यंत त्याचे चार भाग झाले. २००६ मध्ये ‘सुपरमॅन रिटर्न्स’ने तीच परंपरा पुढे नेण्याचा प्रयत्न केला. २०१३ मध्ये झॅक स्नायडर यांनी ‘मॅन ऑफ स्टील’मधून पाटी कोरी केली आणि २०२५ मध्ये गन यांनी ती पुन्हा पुसली. स्पायडरमॅनच्या बाबतीत तर २००२, २०१२ आणि २०१७ अशी पंधरा वर्षांत तीन वेगवेगळी पोरं कोळ्याच्या वेषात आली. आपल्याकडे हे नवीन आहे असं मात्र कुणी समजू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चारच वर्षांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा हरिश्चंद्र बोलू लागला, आणि तो पहिला मराठी बोलपट ठरला. वीस वर्षांत एकाच राजाचे तीन अवतार. प्रेक्षकाला शेवट पाठ होता, तरी तो तिकीट काढत होता.

सुपरमॅनचा स्वतःचा इतिहास पाहिला तर ‘मूळ’ सुपरमॅन नावाची ठाम वस्तू हाताला लागतच नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँड शहरातली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली दोन पोरं. त्यांनी १९३८ मध्ये आपला नायक फक्त १३० डॉलरना प्रकाशकाला विकला. महामंदीचा काळ होता. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात हा नायक कुणा विश्वसम्राटाशी लढत नाही. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, खोट्या आरोपावरून फाशी जाणाऱ्या बाईला वाचवतो आणि लोकप्रतिनिधीला लाच चारणाऱ्या दलालाच्या मानगुटीला धरतो. पुढच्या अंकांत तो मजुरांच्या जिवाशी खेळणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवतो आणि झोपडपट्टी पाडतो, कारण त्यानंतर तरी सरकार तिथे बरी घरं बांधेल. हा सुपरमॅन उडतही नव्हता. लांब उड्या मारत होता. १९४० च्या दशकाच्या आरंभी त्याची कार्टूनपटमाला आली आणि तिच्यात तो सरळ उडू लागला, कारण सतत उड्या मारणारा माणूस पडद्यावर बेढब दिसायचा. ज्या क्रिप्टोनाइटमुळे त्याची शक्ती जाते तो खडकही कॉमिक्समध्ये जन्मला नाही. १९४३ मध्ये रेडिओच्या श्रुतिकेत आला. म्हणजे उड्डाण एका माध्यमाने दिलं, दुबळेपण दुसऱ्याने. प्रत्येक वेळी हाताशी असलेल्या साधनांनी आणि समोर बसलेल्या माणसांनी तो नायक घडवला. त्यामुळे ‘मूळ सुपरमॅन बिघडवला’ ही तक्रार मला कधीच पटत नाही.

आता मालेगाव. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत होते. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे चित्रपट दाखवता दाखवता त्यांनी दोन व्हीसीआर जोडून फिती कापण्याची आणि जोडण्याची विद्या स्वतःच आत्मसात केली. संकलन ते कुठल्या संस्थेत शिकले नाहीत. प्रेक्षक कुठे जांभई देतो आणि कुठे शिट्टी मारतो, हे रोज डोळ्यांनी पाहून शिकले. २००० च्या सुमारास सुमारे ५० हजार रुपयांत त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. घोड्यांची ऐपत नव्हती, म्हणून डाकू सायकलवर आले. कॅमेरा फिरवायला रूळ नव्हते म्हणून सायकल, वरून दृश्य घ्यायला क्रेन नव्हती म्हणून बैलगाडीचं जू. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी चित्रपटगृहं भरतात. आठवडाभर मागाच्या आवाजात आणि कापसाच्या तुसात उभं राहिलेला हा प्रेक्षक या चित्रपटांवर तुटून पडला, कारण पडद्यावर त्याला आपलाच रस्ता, आपलीच बोली आणि ओळखीचा चेहरा दिसत होता.

त्यानंतर आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. तो घडत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट चित्रित केला. २००८ चा हा माहितीपट आपल्या चित्रपटगृहांत २०१२ मध्ये लागला. मालेगावची ही धडपड बाहेरच्या जगाला कळली ती प्रामुख्याने त्याच्यामुळे. शफीक शेख हा यंत्रमाग कामगार सुपरमॅन झाला, अक्रम खान खलनायक, आणि लेखनाची बाजू फरोग जाफरी यांच्यासारख्यांनी सांभाळली. उडण्याची दृश्यं घ्यायला हिरवा पडदा लावला. हिरवाच का, यामागचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. नटाच्या मागे एकाच भडक रंगाचं कापड ताणतात, मग संगणकाला सांगतात की हा रंग जिथे जिथे दिसेल तिथे दुसरं चित्र भर. हिरवा रंग माणसाच्या कातडीच्या रंगापासून दूरचा असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याला तो सर्वांत स्पष्ट टिपता येतो, म्हणून हिरवा. १९७८ च्या हॉलिवूडपटात निळा पडदा वापरला गेला होता आणि सुपरमॅनचा पोशाखही निळाच, तेव्हा काही दृश्यांसाठी पोशाखाची छटा मुद्दाम मोरपिशी करावी लागली. त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी विशेष ऑस्कर मिळालं. मालेगावात हीच अडचण कापडाच्या दुसऱ्या तुकड्याने आणि एका साध्या संगणकाने सोडवली. चित्रीकरणाच्या ऐन मध्यावर कॅमेरा पाण्यात पडला, नायकाचं लग्न निघालं, तरी काम थांबलं नाही.

पण हिरवा पडदा हा या प्रयोगाचा गाभा नव्हे. गाभा आहे नायकाच्या कमकुवतपणात. हॉलिवूडच्या सुपरमॅनला हतबल करायला दुसऱ्या ग्रहावरचा हिरवा खडक लागतो. मालेगावच्या सुपरमॅनला गावच्या हवेतून उडून उडून दमा होतो. त्याचा वैरी पृथ्वी गिळायला निघालेला नाही. त्याला घाण आवडते, गाव घाणीत आणि तंबाखूत बुडावं अशी त्याची इच्छा आहे. या दोन बदलांत जितकी कल्पकता आहे तितकी मला स्नायडर यांच्या अडीच तासांत दिसत नाही. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये अख्खं शहर कोसळतं, उंच इमारती पत्त्यांसारख्या पडतात, आणि पाहणाऱ्याला त्यातल्या एकाही रहिवाशाचं नाव कळत नाही. विध्वंस जितका प्रचंड तितकं तो कुणाचा हे धूसर. उलट, मागाच्या खात्यात बारा तास तूस गिळून घरी आल्यावर ज्याला धाप लागते, त्याला नायकाची धाप समजावून सांगावी लागत नाही. आणि असं करताना मालेगावकर नकळत १९३८ च्या सुपरमॅनजवळ जाऊन पोहोचले. मारकुटा नवरा, खाणमालक, लाच चारणारा दलाल यांच्याशी भिडणारा तो पहिला नायक आणि गटारीशी भिडणारा हा, यांच्यात सत्तर वर्षांचं आणि अर्ध्या जगाचं अंतर आहे. पण दोघांच्या मागे साध्या घरांतली पोरंच उभी आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मालेगावचं काम म्हणजे नुसतं विडंबन. लोक हसले, विषय संपला. त्याला रीबूट कसं म्हणायचं? विनोद होता हे नाकारण्यात अर्थ नाही. सुपरमॅनच्या चड्डीची नाडी लोंबत होती आणि ती मुद्दाम लोंबत ठेवलेली होती. पण विडंबन मूळ गोष्टीला खाली खेचतं, आणि इथे तसं घडलेलं दिसत नाही. प्रेक्षक हसत होता तो आपल्या परिस्थितीला, सुपरमॅनला नव्हे. शफीकचा सुपरमॅन धडपडतो, धापा टाकतो, तरी मदतीला जातोच. ज्याची मदतीची वृत्ती शाबूत राहिली तो नायकच राहिला. आपल्या तमाशातल्या गवळणीत सोंगाड्या गवळणींची वाट अडवून कृष्णाचीसुद्धा थट्टा करतो, म्हणून कुणी तमाशाला देवाचा वैरी म्हटलं नाही. नाशिकच्या डोंगरपट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या खानदेशात भोवाड्याची किंवा बोहाड्याची सोंगं निघतात. संबळाच्या तालावर एकेक मुखवटा येतो, नाचतो, जातो. मुखवट्यामागे शेजारचाच शेतकरी आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि तरी मुखवटा चढला की हात जोडले जातात. ओळखीचा माणूस आणि त्याच्यावर चढलेलं मोठं सोंग यांचा एकत्र अनुभव घेण्याची सवय या मातीला जुनी आहे. शफीक ओळखीचा होता म्हणून त्याचा सुपरमॅन खोटा ठरला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नायक दुसऱ्याच्या मालकीचा, परवानगी नाही, मग याला निर्मिती म्हणायचं की उचलेगिरी? कायद्याच्या नजरेने पाहिलं तर मालकी प्रकाशक कंपनीची आहे आणि ते नाकारता येत नाही. पण या मालकीचा इतिहासही सांगायला हवा. ज्यांनी तो नायक कल्पिला त्या सीगल आणि शूस्टर यांना १३० डॉलरनंतर हक्क उरला नाही. म्हातारपणी त्यांची हलाखी वर्तमानपत्रांत गाजली, तेव्हा कुठे १९७५ मध्ये कंपनीने वार्षिक मानधन देऊ केलं आणि श्रेयनामावलीत नाव परत दिलं. कायदा मालकाचं रक्षण करतो. निर्माणकर्त्याचं करतोच असं नाही. दुसरी बाब म्हणजे मालेगावात जे उचललं ते नाव आणि पोशाख. कथा, संवाद, खलनायक, विनोद सगळं नवं. हिंदीत १९८७ मध्ये पुनीत इस्सर यांचा ‘सुपरमॅन’ आला होता. त्याच्याकडे स्टुडिओ होता, नामवंत नट होते, मुंबईची यंत्रणा होती. त्याने परदेशी कथेचा साचा बराचसा तसाच ठेवला आणि आज तो कुणाच्या आठवणीत फारसा नाही. उचलणं दोन्हीकडे होतं. फरक पडला तो उचललेल्या वस्तूत स्वतःचं काय घातलं याचा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. आजच्या जळगावातला मुलगा मल्टिप्लेक्समध्ये बसतो, मोबाइलवर मार्व्हलचे चित्रपट पाहतो. त्याला भव्यता हवी, गल्लीतली धाप नको. याला आधार आहे. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ने २०१९ मध्ये जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले आणि ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ची समीक्षकांनी वाखाणणी करूनही तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. मात्र नुसती भव्यता पुरते असंही नाही. त्याच मार्व्हलचा ‘द मार्व्हल्स’ २०२३ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरवर अडला. खर्च, तंत्र, जाहिरात कशातच कसूर नव्हती. मोठ्या कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. २००७ मध्ये ‘स्पायडरमॅन ३’ भोजपुरीत आला. २०२३ मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय कोळीमानव आणि मुंबईवरून बेतलेलं एक गजबजलेलं शहरही आहे. मराठीत नायकाचा आवाज ऐकणं ही आनंदाची गोष्ट आहे आणि मी तिचं मोल कमी करत नाही. तरी डबिंगमध्ये बदलतात ते संवाद. संकट तेच राहतं. संकट बदलतं तेव्हा काय होतं हे मल्याळममधल्या ‘मिन्नल मुरली’ने २०२१ मध्ये दाखवलं. खेड्यातला शिंपी, वीज पडून मिळालेली शक्ती, आणि त्याच विजेने त्याच गावातल्या झिडकारलेल्या माणसाचा केलेला खलनायक. केरळातल्या एका खेड्यापुरती ही गोष्ट देशभर पाहिली गेली. मराठीत २०१५ च्या ‘बाजी’ने मुखवट्याचा नायक आणायचं धाडस केलं, त्या वाटेवर पुढे फार पावलं पडली नाहीत याची खंत वाटते.

मालेगावच्या प्रयोगात एक मोठी उणीव आहे आणि ती झाकून त्याचं कौतुक करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. या चित्रपटांत गावातल्या बायका नाहीत. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, कारण गावातल्या मुलीने कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तिथे मान्य नव्हतं. गावाचा चेहरा पडद्यावर आणला म्हणताना अर्धा चेहरा बाहेरच राहिला. सुपरमॅन ज्या घरांना वाचवतो त्या घरांतली बाई काय पाहते, कशाला भिते, हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढे यूट्यूबवर खानदेशी चित्रफितींचा पूर आला, अहिराणी गाण्यांना अमाप श्रोता मिळाला, तरी ही उणीव पूर्ण भरलेली नाही. विनोदाचा साचा एकदा खपला की तोच पुन्हा पुन्हा काढायचा मोहही बळावला आहे. नासिर यांनी पार्लरमध्ये बसून प्रेक्षकाची जांभई मोजली. आज संगणक ती मोजतो आणि जे खपलं त्याचीच नक्कल पुढे ढकलतो.

जुनं वचन नव्या श्रोत्यासाठी पुन्हा सांगण्याचं शास्त्र खानदेशाला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोर पंडित नव्हते, सत्याग्रही कैदी होते; म्हणून ती रोजच्या मराठीत, घरातले आणि शेतातले दाखले देत झाली आणि म्हणूनच ती पुढे घरोघरी वाचली गेली. गीतेची आणि कॉमिक्सची बरोबरी करण्याचा हेतू नाही. श्रोता बदलला की दाखला बदलावा लागतो, एवढाच धागा मला त्यात दिसतो. जळगाव-धुळ्याकडे आज दाखल्यांची वाण नाही. पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारा भुसावळचा उन्हाळा आहे, रावेर-यावलच्या केळीबागा पिवळ्या पाडणारा मोझॅक विषाणू आहे, कोरडी पडणारी पांझरा आहे, मुलीचा जन्म नको म्हणणारी घरं आहेत. यातलं कुठलंही संकट परग्रहावरच्या खडकापेक्षा कमी भयंकर नाही, आणि त्यातल्या कशाशीही झुंजणारा नायक अजून अहिराणीत बोललेला नाही.

शफीक शेख २०११ मध्ये, ऐन तारुण्यात, कर्करोगाने गेला. पडद्यावर त्याचा सुपरमॅन ज्या तंबाखूच्या आणि घाणीच्या राज्याशी लढत होता ते गावोगावी अजून तसंच आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०३४ रोजी सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरचा मालकीहक्क संपतो. नंतरच्या कथांवरचे हक्क तेव्हाही कंपनीकडेच राहतील, त्यामुळे मोकळा होईल तो फक्त १९३८ चा अवतार. त्याला उडता येत नाही. क्रिप्टोनाइट त्याच्या गोष्टीत नाही. बायकोला मारणारा नवरा आणि लाच चारणारा दलाल हे त्याचे वैरी आहेत, आणि त्याला पडद्यावर आणायला हिरवं कापडसुद्धा लागणार नाही.